काळीज सावरले, काळजीचे काय?

माणसाच्या शरीरात अवयव पुष्कळ आहेत; पण मराठी भाषेने जीव लावला तो काळजावर. भीतीने काळजाचे पाणी होते, वाईट बातमीने काळजात चर्र होते, अवेळी दाराची घंटा वाजली की काळजाचा ठोका चुकतो, आणि पोटचे मूल तर काळजाचा तुकडाच. खाटकाच्या दुकानात काळीज म्हणून जे मिळते ते यकृत असते, हृदय नव्हे, असे कोणी जाणकार सांगेल. त्याचे म्हणणे खरे आहे. पण बोलणाऱ्या माणसाने हा भेद कधी मनावर घेतला नाही. छातीत धडधडते ते त्याचे काळीज. आणि या काळजाला लागूनच भाषेने आणखी एका शब्दाचे बिऱ्हाड थाटून दिले आहे : काळजी. दोघांमधली भिंत इतकी पातळ, की एकाकडे खुट्ट झाले की दुसरा जागा होतो.

या लेखाचा विषय हा शेजार आहे. हृदयविकाराचा झटका येतो, वेळेवर इस्पितळ गाठले जाते, अँजिओप्लास्टी होते, एखाद्याची बायपास होते, आणि एके दिवशी डॉक्टर म्हणतात, "आता घरी जायला हरकत नाही." घरात आनंदीआनंद होतो. देवापुढे साखर ठेवली जाते, नातेवाइकांचे फोन येतात. मग तिसऱ्या-चौथ्या रात्री सारे घर निजलेले असताना तो माणूस अंधारात डोळे उघडे ठेवून स्वतःचे ठोके मोजू लागतो. एक, दोन, तीन... मधला एक चुकला काय? डाव्या खांद्यात हे काय दुखते आहे? इस्पितळातून मिळालेल्या कार्डावर औषधांची नावे असतात, पथ्य असते, पुढील तपासणीची तारीख असते. भीतीसाठी त्या कार्डावर रकाना नसतो.

मी डॉक्टर नव्हे. कॉलेजात मराठी शिकवणे हा माझा व्यवसाय. पण चाळिशी उलटली की मित्रमंडळींच्या बैठकीतले विषय आपोआप बदलतात. पूर्वी नाटकांवर आणि बदल्यांवर बोलणारी माणसे कोलेस्टेरॉलवर बोलू लागतात. परिचितांपैकी कोणाला तरी 'स्टेंट बसली' ही बातमी आता वर्षातून दोन-तीनदा कानी येते. त्या निमित्ताने जे पाहिले, वाचले आणि डॉक्टर स्नेह्यांना विचारून घेतले, ते वाचकांपुढे ठेवत आहे.

सहा आठवड्यांचा बिछाना

पूर्वी हृदयविकाराचा झटका आला की माणसाला बिछान्यात घालीत आणि चार ते सहा आठवडे उठू देत नसत. कुशीवर वळायचे तरी परिचारिकेच्या मदतीने. हृदयाला जखम झाली आहे, तेव्हा ते जितके स्वस्थ राहील तितके बरे, असा सरळ हिशेब होता. हिशेब सरळ असला तरी चुकीचा होता. पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जात आणि हृदयाच्या झटक्यातून वाचलेला माणूस गुठळीने दगावे. मनाचे हाल वेगळेच. जो माणूस सहा आठवडे हलूही दिला जात नाही, त्याने स्वतःला मरणाच्या दारी समजू नये तर काय करावे?

बोस्टनचे डॉक्टर सॅम्युएल लेव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी या रूढीला धक्का दिला. त्यांनी रुग्णांना लवकर उठवून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली आणि १९५२ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. प्रथम पुष्कळ डॉक्टरांना हा अघोरी प्रकार वाटला. पण खुर्चीत बसवल्याने माणसे मेली नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला. एक खुर्ची, एवढाच काय तो उपचार. पण त्या खुर्चीने रुग्णाला न बोलता सांगितले, की बाबा रे, तू अजून जिवंत माणसांत आहेस.

तीनच वर्षांनी ही गोष्ट साऱ्या जगाच्या डोळ्यांसमोर घडली. २४ सप्टेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना डेन्व्हर येथे झटका आला. आदल्या दिवशी ते गोल्फ खेळले होते. सुरुवातीला सर्वांना ते अपचन वाटले. (आपल्याकडेही किती घरांत 'गॅस झाला असेल' म्हणून रात्र काढली जाते!) बोस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांना बोलावण्यात आले. व्हाइट स्वतः चालण्याचे आणि सायकलचे मोठे भोक्ते. त्यांनी वार्ताहरांपुढे काही न लपवता आजाराची माहिती दिली, आणि प्रकृती सुधारल्यावर अध्यक्षांनी कामावर परतण्यास हरकत नाही असे मतही दिले. आयसेनहॉवर १९५६ ची निवडणूक लढले, जिंकले आणि १९६१ च्या जानेवारीपर्यंत त्यांनी राज्यकारभार केला. पुढे दुखणी आली, पुन्हा झटकेही आले. पण मृत्यू आला तो १९६९ च्या मार्चमध्ये, म्हणजे पहिल्या झटक्यानंतर साडेतेरा वर्षांनी.

नंतरची प्रगती वेगाने झाली. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झूरिक येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी एका ३८ वर्षांच्या रुग्णाच्या हृदयाची अरुंद झालेली धमनी बारीक फुग्याने प्रथम रुंद केली. १९८६ साली फ्रान्समध्ये माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिली स्टेंट बसली. आज मनगटातील धमनीवाटे तासाभरात काम उरकते आणि गुंतागुंत नसेल तर तीन-चार दिवसांत रुग्ण घरी येतो.

पण येथेच एक नवी अडचण उभी राहिली आहे. पूर्वी भीतीची पहिली लाट इस्पितळात येई. जवळ परिचारिका असे, डॉक्टर असे. आता शरीर चौथ्या दिवशी घरी पोचते, आणि मन मात्र अजून त्या रुग्णवाहिकेतच बसलेले असते. भीतीची लाट येते ती घरात, रात्री, आणि तिला तोंड द्यायला असतात फक्त घाबरलेली घरची माणसे. त्यात आपल्याकडचा रुग्ण पुष्कळदा म्हातारा नसतो. निरनिराळ्या देशांतील रुग्णांच्या पाहणीत असे दिसले आहे, की दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे पाच-सहा वर्षे आधी येतो. म्हणजे मुलीचे शिक्षण व्हायचे आहे, घराचे हप्ते फिटायचे आहेत, नोकरीची वर्षे शिल्लक आहेत अशा वयात. त्याची काळजी नुसती मरणाची नसते, जगण्याचीही असते.

भीतीचे सोंग

भीती हृदयविकाराचे हुबेहूब सोंग आणते, ही यातली सर्वांत फसवी गोष्ट. १८७१ साली डा कोस्टा नावाच्या अमेरिकन डॉक्टरने यादवी युद्धातील सैनिकांच्या एका विचित्र दुखण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. छातीत दुखणे, धडधड, धाप, थकवा, ही सारी लक्षणे हृदयविकाराची. पण तपासून पाहावे तर पुष्कळांच्या हृदयात दोष सापडेना. रणांगणाचा ताण त्यांच्या छातीत जाऊन बसला होता.

हे घडते कसे? भीती वाटली की शरीरात अॅड्रिनलिन सुटते. वाघ दिसला तर पळता यावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. ठोके वाढतात, स्नायू ताठरतात, घाम सुटतो, श्वास भराभर होऊ लागतो. पण बिछान्यात पडलेल्या माणसापुढे वाघ नसतो, पळायला वाटही नसते. भराभर श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायॉक्साइड कमी होतो. त्यामुळे बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते. ताठरलेले छातीचे स्नायू दुखू लागतात. माणसाला वाटते, हा दुसरा झटका! त्याने भीती आणखी वाढते, आणि भीतीने लक्षणे. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण रचणाऱ्याला अॅड्रिनलिन ठाऊक नव्हते; पण हे चक्र त्याने पाहिले असले पाहिजे.

शिवाय निरोगी हृदयाचाही एखादा ठोका अधूनमधून आगेमागे होतो. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते. त्यातला एखादा आगेमागे झाला तर एरवी आपल्याला पत्ताही लागत नाही. झटक्यानंतर मात्र माणूस स्वतःच्या छातीवर पहारेकऱ्यासारखा बसतो, आणि पहारेकऱ्याला प्रत्येक पान हलले की चोर दिसतो.

औषधेही कधी कधी या संशयात भर घालतात. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या टिकाग्रेलॉर या औषधाने काहींना धाप लागल्यासारखे वाटते. ठोके आवरणाऱ्या मेटोप्रोलॉलसारख्या औषधांनी काहींना थकवा येतो, काहींना रात्री भयंकर स्वप्ने पडतात. हे ठाऊक नसेल तर रोगी समजतो, की आपले हृदय पुन्हा खचले. अशा वेळी डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. ते औषध बदलू शकतात. परस्पर गोळी बंद करणे मात्र जिवावर बेतू शकते, कारण स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणूनच ती गोळी असते.

चोपन्न पायऱ्या

आमच्या शेजारी एक काका राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, वय एकसष्ट, शिस्तीचे आणि थोडे विनोदी. इमारत जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. एकूण पायऱ्या चोपन्न. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, एक स्टेंट बसली, पाचव्या दिवशी ते घरी आले. घरी आले ते खुर्चीवर बसवून, चौघांनी उचलून. त्यानंतर सात आठवडे ते खाली उतरले नाहीत.

"काका, डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे ना?" मी विचारले.

"चालतो ना. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

"आणि खाली?"

"उतरेन हो. पण पुन्हा चढताना ती तार आत सरकली म्हणजे?"

या प्रश्नाला हसू नये. स्टेंट बसलेल्या कितीतरी माणसांच्या मनात तो असतो. फक्त तो विचारण्याची लाज वाटते. स्टेंट सरकत नाही. ती बसवताना आतील फुगा साधारणपणे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या पाच ते सात पट दाबाने फुगवतात, आणि तिची जाळी धमनीच्या भिंतीत घट्ट रुतवतात. पुढे काही आठवड्यांत, काही महिन्यांत, तिच्यावर शरीराचेच अस्तर चढते. खोकल्याने, शिंकेने, जिना चढण्याने ती हलत नाही. हे कोणीतरी चित्र काढून समजावले असते तर काकांचे सात आठवडे वाचले असते.

काकूंचे हाल निराळे. रात्री त्या दोनदा-तीनदा उठत आणि काकांच्या नाकाशी हात धरून श्वास पाहत. काका जागेच असत. पण काकूंना वाईट वाटू नये म्हणून डोळे मिटून पडत. दोघे एकाच खोलीत, दोघे जागे, आणि दोघांनी एकमेकांपासून भीती लपवलेली. मुलाने बोटाला लावण्याचे प्राणवायू मोजणारे यंत्र आणून दिले होते, ते काका दिवसातून तीस-तीस वेळा लावीत. वर्तमानपत्रातील निधनवार्तांचे पान काकू सकाळीच काढून ठेवू लागल्या. टीव्हीवर क्रिकेटचा सामना रंगात आला की कोणीतरी संच बंद करी.

एके रात्री दीड वाजता काकांना धडधडू लागले, बोटांना मुंग्या आल्या, घाम फुटला. मंडळींनी रुग्णवाहिका बोलावली. इस्पितळात ईसीजी झाला, ट्रोपोनिनची रक्ततपासणी झाली, काही तासांनी पुन्हा झाली. सारे ठीक निघाले. सकाळी काका ओशाळून म्हणाले, "डॉक्टर, उगाच सगळ्यांची झोप मोडली."

डॉक्टर म्हणाले, "आलात हे उत्तम केलेत. पुन्हा असे झाले तर पुन्हा या. पण आता मला सांगा, घरी आल्यापासून तुम्ही किती जिने चढलात?"

त्या डॉक्टरांनी नवे औषध लिहून दिले नाही. त्यांनी काकांना इस्पितळातील व्यायाम-विभागात पाठवले. तेथे छातीला तारा लावून, पडद्यावर ईसीजी दिसत असताना, काकांना आधी सपाट जमिनीवर आणि मग चालत्या पट्ट्यावर चालवले. आठवड्यातून तीन दिवस असे चालले. पाचव्या आठवड्यात तेथील मुलीने त्यांना इस्पितळाच्या जिन्याशी नेले आणि म्हणाली, "काका, तुमच्या घराच्या पायऱ्या किती?" चोपन्न पायऱ्या ते तिच्या सोबतीने चढले. वर पोचल्यावर तिने नाडी पाहिली आणि आकडा त्यांना मोठ्याने वाचायला लावला. त्या संध्याकाळी काका स्वतःच्या पायांनी घरी आले. दर मजल्यावर क्षणभर थांबले, एवढेच. काकू वरच्या कठड्याशी उभ्या होत्या. त्यांनी खाली धावत येण्याचा मोह कसा आवरला हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

भीती पूर्ण गेली असे नाही. पण बोटाचे यंत्र आता कपाटात असते.

घरच्यांचे प्रेम आणि त्याचा पाश

काकूंसारखी माणसे घरोघर आहेत. रुग्णावर प्रेम असते म्हणूनच त्याच्या हातून पिशवी काढून घेतली जाते, त्याला वाईट बातमी सांगितली जात नाही, घरातले निर्णय त्याच्या पाठीमागे होतात. हेतू चांगला, पण रोज, दर तासाला, त्याला एकच निरोप पोचतो : तू आता काचेचे भांडे आहेस. काचेच्या भांड्याला मन असते तर तेही भीतीनेच तडकले असते.

यावर उपाय आहे, आणि तो म्हणजे घरच्यांनी डॉक्टरांकडे रुग्णाबरोबर जाणे. काय करायचे नाही याची यादी आपण सर्वजण आणतो. काय करायला हरकत नाही याची यादी मागून आणावी. बाजारहाट? देवळाच्या पायऱ्या? नातवाला उचलणे? गाडी चालवणे? कचेरीत केव्हापासून? पतिपत्नींच्या सहवासाचा प्रश्न तर आपल्याकडे कोणी विचारीतच नाही. मनात मात्र दोघांच्याही असतो, आणि त्यातून नकळत दुरावा येतो. प्रकृती स्थिर असून दोन जिने भरभर चढता येत असतील आणि छातीत दुखत नसेल, तर बहुतेकांना त्यात धोका नसतो, असे हृदयरोगतज्ज्ञ सांगतात. मात्र त्यासाठी बाजारात मिळणाऱ्या ताकदीच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळीशी त्यांची गाठ पडली तर रक्तदाब एकदम धोक्याच्या पातळीपर्यंत उतरतो.

आणि झटका घरच्या बाईला आला असेल तर? तेव्हा चित्र उलटे दिसते. पुरुष रुग्णाला खुर्चीतून उठू देत नाहीत, आणि बाई आठव्या दिवशी ओट्याशी उभी असते. कोणी तिला हौसेने उभे करीत नाही. पण डबे कोण करणार, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारायची गरज नसते. तिची भीती विचारायची राहूनच जाते. "मला काही होत नाही हो," असे ती म्हणते, आणि सर्वांना ते सोयीचे असल्यामुळे खरे वाटते. झटक्यानंतरच्या व्यायामवर्गाला स्त्रिया पुरुषांपेक्षा कमी येतात, हे देशोदेशी दिसून आलेले आहे. तेव्हा दिवाळीच्या कामांच्या धांदलीत एक काम घरच्या पुरुषांनी अंगावर घ्यावे : तिला चालायला जाण्यासाठी रोजचा अर्धा तास रिकामा करून द्यावा, आणि त्या अर्ध्या तासात घर बुडत नाही हे तिला पाहू द्यावे.

श्वास, पावले आणि बोलणे

आता करावे काय, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे चालणे. हृदयाच्या स्नायूची जखम भरून घट्ट होण्यास साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. पण तोवर पडून राहायचे नसते. गुंतागुंत नसलेल्या रुग्णाला बहुधा पाच-दहा मिनिटांच्या चालण्यापासून सुरुवात करून हळूहळू अर्ध्या तासापर्यंत नेतात. वेग किती? चालताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे, इतका. डॉक्टरांच्या देखरेखीखालील व्यायाम, आहार आणि समुपदेशन यांच्या कार्यक्रमाला हृदय-पुनर्वसन म्हणतात. मोठ्या शहरांतील अनेक इस्पितळांत तो असतो. फक्त मागावा लागतो. अशा कार्यक्रमाने हृदयरोगाने होणारे मृत्यू कमी होतात, हे अनेक पाहण्यांचा एकत्र विचार करून सिद्ध झालेले आहे. भीतीवरही त्याचा गुण येतो. 'तुम्हाला काही झालेले नाही' असे शंभर वेळा सांगून जे पटत नाही, ते चढलेल्या चोपन्न पायऱ्या पटवतात.

दुसरी गोष्ट श्वास. भीतीची लाट आली की छाती भरून मोठे श्वास घेऊ नयेत. त्याने मुंग्या वाढतात. सावकाश, पोटातून, आणि सोडताना अधिक वेळ लावून श्वास सोडावा. अशी लाट बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोचते आणि मग ओसरते.

या बाबतीत आपल्या मुंबईचे एक काम सांगण्याजोगे आहे. केईएम इस्पितळाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढत्या रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन शिकवले आणि त्याचा गुण येतो असे दिसल्यावर १९६९ साली ते एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे भारतातील २४ इस्पितळांत, झटका येऊन गेलेल्या जवळजवळ चार हजार रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाचा मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२० साली आले. योगाने पुढील झटके आणि मृत्यू निश्चित कमी होतात, असे त्यातून सिद्ध झाले नाही. ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण योग करणाऱ्यांना आपली प्रकृती अधिक बरी वाटली आणि ते आपल्या पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगले परतले. माझ्या मते हाही लहान लाभ नव्हे. तेव्हा आसने करावीत. पण औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नव्हे.

तिसरी गोष्ट बोलणे. झटक्यानंतर काही आठवडे मन खाली जाणे, डोळ्यांत पाणी येणे, चिडचिड होणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवडे उलटूनही कशातच रस वाटेना, झोप येईना, जेवण जाईना, 'आता काय उरले' असे शब्द तोंडी येऊ लागले, तर तो स्वभाव नव्हे. तो आजार आहे. साधारण पाचांत एका रुग्णाला असे औदासीन्य गाठते. काहींना तर त्या रात्रीची दृश्ये पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतात. युद्धावरून परतलेल्या शिपायांना जे होते तसे. मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी १९९३ साली दाखवून दिले, की झटक्यानंतर औदासीन्याने घेरलेल्या रुग्णांत पहिल्या सहा महिन्यांतील मृत्यू अधिक असतात. असा माणूस चालायला जात नाही, गोळ्या चुकवतो, विडी-सिगारेटकडे वळतो. आणि मनाचा ताण शरीरालाही पोखरतो.

हे वाचून काळजीची काळजी करू नये. त्यावर इलाज आहेत. सर्ट्रालीनसारखे औषध अशा हृदयरुग्णांना सुरक्षितपणे देता येते, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसले. विचारांना वळण लावणाऱ्या समुपदेशनाने औदासीन्य कमी होते. त्याने आयुष्याची वर्षे वाढतातच असे दिसून आलेले नाही. पण आहेत ती वर्षे माणसासारखी जगता येतात. मनोविकारतज्ज्ञाकडे जायचे म्हटले की आपल्या घरांतून अजून आवाज खाली येतो. ज्या माणसाने हृदयात तार घालून घेतली, त्याने मनाच्या डॉक्टरपुढे बसायला संकोच करावा, ही गंमतच म्हणायची.

एक सावधगिरी

वर सोंगाविषयी लिहिले. पण सोंग कोणते आणि खरे कोणते हे घरबसल्या ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. छातीत दडपण येऊन ते टिकले, दुखणे हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे गेले, घाम, मळमळ, धाप किंवा घेरी आली, तर 'मनाचे खेळ' म्हणून बसून राहू नये. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर बसून ती ठेवावी, आणि पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्वतः गाडी चालवीत जाऊ नये. स्त्रियांत आणि मधुमेहाच्या रुग्णांत लक्षणे पुसट असतात. तेथे अधिकच जागरूक राहावे. दहा वेळा फुकट खेप झाली तरी चालेल. अकरावी चुकता कामा नये. हा बेत एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूस लावावा : क्रमांक, औषधांची नावे, इस्पितळाचे नाव. नवल असे, की संकटाचा बेत भिंतीवर लागला की रोजचे संकट डोक्यातून उतरते. काय करायचे ते ठरलेले असले की रात्रभर ठरवीत बसावे लागत नाही.

दिवाळीच्या दिवसांत आपण एकमेकांकडे जाऊ. एखाद्या घरी असा नुकताच बरा झालेला माणूस असेल. फराळाची ताटली त्याच्यापुढून हळूच सरकवली जाईल, आवाज खाली येतील, आणि येणारा प्रत्येकजण चेहरा लांब करून विचारील, "तब्येत कशी आहे आता?" दिवसाकाठी वीस वेळा या प्रश्नाचे उत्तर देताना धडधाकट माणसालाही आपण आजारी आहोत असे वाटू लागेल. त्याऐवजी त्याच्या ताटलीत डॉक्टरांनी चालेल म्हटले असेल ते थोडेसे वाढावे, गप्पा कचेरीच्या, नाटकाच्या, राजकारणाच्या कराव्यात, आणि निघताना एवढेच विचारावे : "उद्या सकाळी फिरायला निघतो आहे, येता का?"